यंत्राचा शेरा आणि माणसाची सही

हल्लीं कोणतेंही वृत्तपत्र उघडावें, तर ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे दोन शब्द दृष्टीस पडल्यावांचून राहत नाहींत. शेतकरी बंधूंच्या कानांवरही ते आतां चांगलेच पडले आहेत. पिकाच्या पानाचें छायाचित्र मोबाइलमधून पाठविलें असतां रोगाचें नांव सांगणारीं यंत्रें निघालीं आहेत. बारामती येथील ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनें उसाच्या शेतांत हवामानाचीं मापकें व उपग्रहाचीं चित्रें यांच्या जोरावर पाणी केव्हां द्यावें व खत किती द्यावें, हें सांगण्याचा प्रयोग चालविला आहे. पंतप्रधान किसान सन्मान निधीच्या हप्त्याविषयीं विचारलेल्या प्रश्नांस उत्तरें देणारा ‘किसान ई-मित्र’ सप्टेंबर २०२३ मध्यें सुरू झाला. आणि आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानें जून २०२५ मध्यें शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीं स्वतंत्र धोरणच मंजूर केलें. या सर्व उपक्रमांचें स्वागत करण्यास प्रस्तुत लेखकाची मुळींच हरकत नाहीं.

परंतु यंत्र जीं कामें करतें त्यांचे दोन प्रकार आहेत, आणि ते एकमेकांत मिसळूं देणें हितावह नाहीं. पहिला प्रकार सल्ल्याचा. ‘उद्यां पाणी देऊं नका, पाऊस येईल,’ असें यंत्रानें सांगितलें आणि तें पटलें नाहीं, तर शेतकरी विहिरीवरची मोटार सुरू करण्यास मोकळा असतो. सल्ला चुकला तर नुकसान होईल, तथापि तो मानणें न मानणें सर्वस्वीं त्याच्या स्वाधीन असतें. दुसरा प्रकार निवाड्याचा. ‘हा इसम अनुदानास पात्र नाहीं’, ‘या कुटुंबाची शिधापत्रिका रद्द’, ‘या खातेदाराकडून अमुक रक्कम वसूल करावी’, अशा जातीचा. येथें शेतकऱ्याच्या मर्जीचा प्रश्नच उरत नाहीं. प्रस्तुत लेख या दुसऱ्या प्रकारापुरता आहे. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्यास पिकांवरील रोगांतलें फारसें कळत नाहीं. पण हुकूम म्हणजे काय, तो कोणीं काढावा, कोणास कळवावा, आणि तो चुकला तर कोठें जावें, एवढें मात्र कळतें.

यंत्र हा निवाडा करतें तरी कसा? त्याच्या मुख्यत्वें दोन रीती आहेत. पहिली रीत दप्तरें ताडून पाहण्याची. मोटारगाड्यांची नोंदवही, वीजबिलांची यादी, मालमत्ताकराचें रजिस्टर, शिधापत्रिकांची यादी, अशीं अनेक खात्यांचीं दप्तरें एकत्र आणून एकाच माणसाचीं नांवें त्यांतून जुळवावयाचीं. शंभर कारकुनांना वर्ष लागेल तें काम यंत्र कांहीं तासांत उरकतें. दुसरी रीत अधिक नवी व अधिक गहन आहे. मागील हजारों प्रकरणें यंत्रापुढें ठेवितात. हीं लबाडीचीं निघालीं, हीं निर्दोष निघालीं, एवढेंच त्यास सांगतात. त्यांतून यंत्र आपल्याशींच कांहीं खुणा शोधून काढतें आणि प्रत्येक नव्या अर्जास संशयाचे गुण देतें. कोणत्या खुणेस किती गुण पडले, हें पुष्कळदां तें बनविणाऱ्यासही नीट सांगतां येत नाहीं. शिवाय, मागें ज्या लोकांची तपासणी अधिक कसून झालेली असते, त्यांच्याच चुका अधिक सांपडलेल्या असतात. तेव्हां यंत्रही पुढें त्यांच्याकडेच बोट दाखवितें. अशा रीतीनें जुना पूर्वग्रह आकड्यांचा वेष घेऊन पुन्हां कचेरींत शिरतो.

पहिल्या रीतीचें उदाहरण आपल्या शेजारींच घडलें आहे. तेलंगणा राज्यानें ‘समग्र वेदिका’ नांवाची यंत्रणा उभारिली. अनेक खात्यांचीं दप्तरें जोडून प्रत्येक कुटुंबाचें एक समग्र चित्र तयार करावें व त्यावरून गरीब कोण आणि गरिबीचें सोंग घेतलेला कोण, हें ओळखावें, असा तिचा हेतु. हेतूंत वावगें असें कांहींच नव्हतें. परंतु त्या राज्यांत कांहीं वर्षांच्या अवधींत एकोणीस लाखांच्या घरांत शिधापत्रिका रद्द झाल्या, आणि ज्यांच्या रद्द झाल्या त्यांस आगाऊ नोटीस मिळालेली नव्हती. कित्येकांस ही गोष्ट रास्त भावाच्या दुकानापुढें रांगेंत उभें राहिल्यावर कळली. सायकलरिक्षा ओढून पोट भरणाऱ्या एका कुटुंबाच्या नांवावर, केवळ नामसादृश्यामुळें, दुसऱ्याच कोणाची मोटारगाडी चढली होती. आणि मोटारगाडीच्या धन्यास स्वस्त तांदूळ कसा द्यावयाचा, म्हणून तो बंद झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. एप्रिल २०२२ मध्यें न्यायालयानें रद्द झालेल्या शिधापत्रिकांची घरोघर जाऊन प्रत्यक्ष पडताळणी करावी असा आदेश दिला. त्याप्रमाणें पडताळणी सुरू झाल्यावर पहिल्या सुमारें दोन लाख पांच हजार अर्जांतच पंधरा हजारांहून अधिक कुटुंबें धान्यास पात्र असल्याचें आढळून आलें. दर शंभरांत साडेसात असें हें प्रमाण पडतें. कोणी म्हणेल, साडेब्याण्णव तर बरोबर होते ना? परंतु धान्याच्या बाबतींत हा हिशेब चालत नाहीं. ज्या साडेसात घरांत चूल पेटली नाहीं, त्यांस उरलेल्यांची बरोबर बेरीज खातां येत नाहीं.

नांवांच्या जुळणीविषयीं येथें थोडें विषयांतर केलें तर वाचक क्षमा करतील, कारण हा विषय लेखकाच्या रोजच्या परिचयाचा आहे. एका गांवांत एकाच नांवाचे, आणि बापाचेंही नांव तेंच असलेले, दोन खातेदार असणें ही मुळींच दुर्मिळ गोष्ट नव्हे. आजोबाचें नांव नातवास ठेवण्याची चाल असली कीं प्रत्येक दुसऱ्या पिढींत तींच नांवें फिरून येतात. जुन्या दप्तरांत ‘बिन’ आणि ‘वल्लद’ लिहून बापाचें नांव देत, आणि तेवढ्यानेंही भागलें नाहीं तर ‘थोरला’, ‘धाकटा’, ‘वरच्या आळीचा’ अशी खूण करीत. याच्या उलटही प्रकार आहे. एकच मनुष्य सातबाऱ्यावर ज्ञानदेव, आधारपत्रावर ज्ञानेश्वर, बँकेच्या पुस्तकांत इंग्रजींतून कांहीं तिसराच, आणि गांवांत ज्ञानबा. विवाहित स्त्रियांच्या बाबतींत तर माहेरचें नांव, सासरचें नांव आणि मधलें नांव यांचा असा कांहीं गुंता होतो कीं तिची ओळख पटविण्यास तिच्या भावासच बोलवावें लागतें. तलाठी, म्हणजे २०२४ सालापासून ज्यांस ग्राम महसूल अधिकारी म्हणतात ते, हा गुंता चावडीवर बसून, चार माणसांस विचारून सोडवितात. यंत्रास चावडी नाहीं. त्यास अक्षरांतलें साम्य दिसतें आणि तें साम्य किती टक्के आहे हेंही तें सांगतें. पण हा ज्ञानबा तोच कीं नव्हे, हें त्यास कळत नाहीं.

आतां दुसरें उदाहरण पुष्कळ दूरचें, ऑस्ट्रेलियाचें. तें येथें विस्तारानें देण्याचें कारण असें कीं त्यांतली चूक शेतकऱ्यास जितकी चटकन् कळेल तितकी शहरांतल्या पगारदारास कळणार नाहीं. त्या देशांत बेकारांस व अल्प उत्पन्नाच्या लोकांस सरकारकडून दर पंधरवड्यास निर्वाहवेतन मिळतें. घेणाऱ्यानें त्या त्या पंधरवड्यांत स्वतः काय मिळविलें तें कळवावयाचें, आणि त्या मानानें वेतन कमीअधिक व्हावयाचें, असा कायदा. प्राप्तिकर खात्याकडे मात्र प्रत्येकाच्या उत्पन्नाचा आकडा सबंध वर्षाचा असतो. हे दोन आकडे जुळत नसले तर पूर्वीं एखादा अधिकारी कागद काढून पाही, जरूर तर मालकाकडून पगाराचा तपशील मागवी, आणि मग ठरवी. २०१५ सालीं त्या सरकारानें नवी योजना आंखली व २०१६ पासून ती पूर्ण वेगानें चालू केली. अधिकाऱ्याची ही चौकशी त्या योजनेंत गाळून टाकण्यांत आली. यंत्रानें वर्षाच्या उत्पन्नास सव्वीसनें भागावें, येईल तें प्रत्येक पंधरवड्याचें उत्पन्न समजावें, आणि घेणाऱ्यानें कळविलेल्या आकड्याशीं तें जुळलें नाहीं तर त्याच्या नांवें कर्ज काढून पत्र धाडावें, अशी व्यवस्था झाली. लोकांनीं तिला ‘रोबोडेट’, म्हणजे यंत्रानें काढलेलें कर्ज, असें नांव दिलें.

उदाहरणानें पाहूं. एका मजुरानें वर्षांतले तेरा पंधरवडे काम केलें व दर पंधरवड्यास १,३०० डॉलर मिळविले. उरलेले तेरा पंधरवडे तो बेकार होता, तेव्हां त्यानें निर्वाहवेतन घेतलें आणि ‘माझें उत्पन्न शून्य’ असें खरें खरें कळविलें. वर्षाची मिळकत झाली १६,९०० डॉलर. तीस सव्वीसनें भागलें कीं ६५० येतात. झालें! यंत्राच्या मतें तो मनुष्य बेकारीच्या प्रत्येक पंधरवड्यांत ६५० डॉलर मिळवीत होता आणि सरकारपासून लपवीत होता. भागाकार बिनचूक, आणि निष्कर्ष सपशेल खोटा. आपल्याकडे सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या सुमारास एकदां येतात, उसाचें बिल हंगामांत येतें, आणि आषाढांत घरांत दमडी नसते. त्या एका रकमेस बारानें भागून ‘तुम्हांस आषाढांतही इतकें उत्पन्न होतें,’ असें कोणी म्हटलें तर शेतकरी हंसेल. त्या देशांतल्या लोकांस हंसण्याची सवड मिळाली नाहीं. आरोप खोटा आहे हें सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावरच टाकला होता. पांच पांच, सहा सहा वर्षांमागच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणा म्हणून सांगण्यांत आलें. ज्या मालकाकडे काम केलें त्याचें दुकान केव्हांच बंद झालेलें. उत्तर गेलें नाहीं तर कर्ज कायम होई, कित्येकांच्या बाबतींत त्यावर शेंकडा दहा दंड चढे, आणि वसुलीचें काम खासगी वसुलीदारांकडे जाई.

लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं या यंत्रांत बुद्धिमत्ता अशी कांहींच नव्हती. चौथीच्या मुलास येणारा भागाकार होता. यंत्र फार शहाणें झाल्यास काय अनर्थ होईल, यावर हल्लीं मोठमोठे विद्वान चर्चा करतात. त्यांनीं ती अवश्य करावी. पण अनर्थ होण्यास यंत्र शहाणें असावें लागत नाहीं. त्याचा शेरा हाच हुकूम समजला जावा, आणि कागद उघडून पाहणारें कोणी मध्यें नसावें, एवढें पुरेसें होतें.

पुढचा इतिहास थोडक्यांत सांगतों. अशी सरासरी काढणें कायद्यास धरून नाहीं, असें मत त्या सरकारच्याच एका खात्याच्या कायदेतज्ज्ञांनीं २०१४ सालीं, योजना सुरू होण्यापूर्वींच, दिलेलें होतें. तें दप्तरांत पडून राहिलें. नोव्हेंबर २०१९ मध्यें तेथील फेडरल न्यायालयांत एका स्त्रीच्या नांवचें कर्ज बेकायदा ठरलें. मे २०२० मध्यें सरकारनें ४,७०,००० कर्जांची ७२ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम परत करण्याचें जाहीर केलें. जून २०२१ मध्यें न्यायालयापुढें जो हिशेब आला, त्याप्रमाणें सुमारें ४,३३,००० माणसांच्या नांवें १७० कोटी डॉलरांहून अधिक खोटें कर्ज लिहिलें गेलें होतें. आपल्या मुलांनीं त्या पत्रांच्या धसक्यानें जीव दिला, अशी साक्ष दोन मातांनीं पुढें चौकशी आयोगासमोर दिली. त्या आयोगाच्या प्रमुख, क्वीन्सलंडच्या माजी मुख्य न्यायाधीश कॅथरीन होम्स, यांनीं ७ जुलै २०२३ रोजीं अहवाल सादर केला. यंत्राकडून निर्णय करवावयाचे असतील तर त्यास कायद्याची चौकट असावी, निर्णय कसा झाला तें लोकांस साध्या भाषेंत कळावें, आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची वाट मोकळी असावी, अशा शिफारशी त्यांत आहेत. कित्येक वर्षें, एक खटला आणि एक आयोग एवढें होऊन जें हातीं लागलें, तें आमच्या फेरफाराच्या नियमांत किती तरी वर्षें लिहिलेलें आहे. त्याविषयीं पुढें येईलच.

दुसऱ्या रीतीचें, म्हणजे संशयाचे गुण देणाऱ्या यंत्राचें, उदाहरण हॉलंडमध्यें घडलें. तेथें नोकरी करणाऱ्या आईबापांस मुलांच्या सांभाळासाठीं सरकारी भत्ता मिळतो. त्यांत लबाडी करणारे शोधण्यासाठीं तेथील करखात्यानें २०१३ पासून आपल्या आपण शिकणारें एक यंत्र वापरलें. अर्जदार हा हॉलंडचा नागरिक आहे कीं परका, हीही त्या यंत्राची एक खूण होती. ज्यास गुण अधिक पडत त्याचें प्रकरण अधिकाऱ्याकडे तपासणीस जाई, म्हणजे मध्यें माणूस होता. परंतु गुण कां अधिक पडले हें त्या माणसास सांगितलेलेंच नसे. ज्या प्रकरणावर तांबडी खूण आहे तें हातीं घेतांना अधिकाऱ्याचें मन आधींच कलुषित झालेलें असतें, हें कचेरींत बसलेल्या कोणासही सांगावयास नको. मग एखादी सही राहिली, एखादा कागद उशिरां आला, एवढ्यावरून सबंध भत्ता परत मागण्यांत येई. हजारों कुटुंबें कर्जांत बुडालीं, घरें गेलीं, संसार मोडले. डिसेंबर २०२० मध्यें तेथील संसदेच्या समितीचा अहवाल आला आणि १५ जानेवारी २०२१ रोजीं पंतप्रधान रुटे यांच्या मंत्रिमंडळानें राजीनामा दिला. त्याच वर्षीं डिसेंबरांत तेथील माहितीसंरक्षण प्राधिकरणानें करखात्यास २७ लाख ५० हजार युरो दंड केला. सरकारच्या एका अंगानें दुसऱ्या अंगास दंड करावा, ही गोष्ट आपल्याकडे अद्याप फारशी परिचयाची नाहीं.

येथवर वाचून, हा जुना कारकून आपल्या गेलेल्या सत्तेसाठीं रडतो आहे, अशी शंका कोणास आल्यास तिचें निवारण केलें पाहिजे. माणसाच्या हातचा कारभार निर्मळ होता, असें कोण म्हणेल? शेतकऱ्यांस कचेरीच्या पायऱ्या किती झिजवाव्या लागतात, ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ हें वाक्य किती वेळां ऐकावें लागतें, आणि कोणत्या टेबलावरचा कागद कशानें हलतो, हें त्यांस आमच्याहून अधिक ठाऊक आहे. यंत्र लांच खात नाहीं, जात विचारीत नाहीं, भाऊबंदकींत पडत नाहीं, आणि रात्रीं बारा वाजतांही उत्तर देतें. सातबारा घरबसल्या मिळूं लागला तेव्हां ज्यांचें नुकसान झालें त्यांच्याबद्दल कोणी अश्रू ढाळले नाहींत, आणि तें योग्यच झालें. परंतु लांचखाऊ अधिकाऱ्याचें एक बरें असे: त्याला तोंड होतें. त्याचें नांव घेऊन वरिष्ठांकडे तक्रार करतां येई, वेळ पडल्यास त्याला सापळ्यांत पकडतां येई. ‘सिस्टिममध्यें रिजेक्ट दाखवितें’ असें म्हणणाऱ्या खिडकीवरच्या मुलाच्या हातीं कांहींच नसतें. त्याच्यावर रागावण्यांत अर्थ नसतो, आणि ज्याच्यावर रागवावयाचें तो कोठें बसतो हें त्यालाही माहीत नसतें.

आपल्या दाराशीं हा प्रश्न येऊन ठेपलाच आहे. एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रांत कृषिखात्याच्या योजनांसाठीं शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला. जमीन, पीक, अनुदान या सर्वांचा धागा त्या एका क्रमांकांत गुंफावयाचा, ही कल्पना सोयीची आहे. पण धागा एक झाला म्हणजे गांठही एकच असते, आणि ती चुकली तर सगळेंच अडतें. जमीन कसणारा प्रत्येक जण अधिकारअभिलेखांत असतोच असें नाहीं. बटईनें शेत करणारा सातबाऱ्यावर नसतो. बाप वारला, वारसाची नोंद भावाभावांच्या वादामुळें चार वर्षें अडली, तर शेत तीं मुलें कसतात आणि दप्तरांत मात्र बाप जिवंत असतो. सामाईक खात्यांत अकरा नांवें, त्यांतले सात पुण्यामुंबईस, दोघी बहिणी सासरीं, आणि नांगर धरणारा एकटा धाकटा. नवऱ्याच्या पश्चात् जिनें शेत सांभाळलें, तिचें नांव इतर हक्कांत तरी लागलें असेल कीं नाहीं याची खात्री नाहीं. हीं माणसें लबाड नव्हेत, पण यंत्राच्या दृष्टीनें त्यांचे आकडे जुळत नाहींत. आणि आकडे न जुळणें हीच तर त्याची संशयाची खूण.

पीकविम्याचेंही असेंच. प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत खरीप २०२३ पासून भात व गहू यांच्या उत्पन्नाचा अंदाज करतांना उपग्रह आदि साधनांनीं काढलेल्या आकड्यास किमान ३० टक्के वजन देण्याचें ठरलें. याची उपयुक्तता नाकारण्याचें कारण नाहीं; पीककापणीच्या प्रयोगांत काय काय घडतें हें सर्वश्रुत आहे. तथापि कापणीचा प्रयोग शेतांत होतो. दोरी धरलेली दिसते, मळणी दिसते, तराजूचा कांटा दिसतो, आणि कांहीं गैर वाटलें तर गांवकरी तेथल्या तेथें ओरडूं शकतात. उपग्रहाचा आकडा ज्या तऱ्हेनें निघाला ती तऱ्हा गांवकऱ्यांस कोणीं समजावून दिली आहे काय? तो आकडा मंडळाच्या चावडीवर लागतो काय? विम्याची रक्कम ज्याच्यावर ठरते तें माप शेतकऱ्यापासून झांकून ठेवणें योग्य नव्हे.

आतां फेरफाराकडे वळूं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या १५० व्या कलमांत जमिनीच्या हक्कांत बदल नोंदविण्याची रीत दिली आहे. तलाठी नोंद करतो, पण ती नोंद तेवढ्यानें पक्की होत नाहीं. तिची प्रत चावडीवर लावावयाची, ज्यांचा ज्यांचा संबंध दिसतो त्या सर्वांस लेखी कळवावयाचें, हरकतीस मुदत द्यावयाची. हरकत आली तर ती वेगळ्या नोंदवहींत लिहून, दोन्ही बाजूंस ऐकून, वरचा अधिकारी निकाल देतो. न आली तरीही, सर्वांस नोटीस पोंचली होती हें पाहून मगच तो नोंद प्रमाणित करतो. शेवटीं त्याची सही असते, आणि त्या सहीवर अपील चालतें. लिहिणारा एक आणि प्रमाणित करणारा दुसरा, ही यांतली मुख्य खुबी. यंत्रास तलाठ्याच्या जागीं बसविण्यास हरकत नाहीं. त्यानें खुशाल दप्तरें ताडावीं, संशय आल्यास लाल शाईनें शेरा मारावा. पण त्याला मंडळ अधिकाऱ्याच्या खुर्चीवर बसवूं नये. आणि त्या खुर्चीवरच्या माणसासही यंत्राचा शेरा पाहून डोळे मिटून सही ठोकण्याची मुभा असूं नये. शेरा कां पडला हें त्याच्यापुढें आलें पाहिजे आणि तो फिरविण्याचें बळ त्याला असलें पाहिजे. हॉलंडांत नेमकी हीच गोष्ट नव्हती.

युरोपांतल्या राष्ट्रसंघानें हें तत्त्व कायद्यांत आणलें आहे. मे २०१८ पासून तेथें लागू असलेल्या माहितीसंरक्षणाच्या कायद्याच्या २२ व्या कलमान्वयें, केवळ यंत्रानें केलेल्या व आपल्यावर गंभीर परिणाम करणाऱ्या निर्णयास, कांहीं अपवाद सोडून, बांधलें न जाण्याचा हक्क प्रत्येकास आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजीं अमलांत आलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कायद्यांत सरकारी मदतीची पात्रता ठरविणारीं यंत्रें अधिक धोक्याच्या वर्गांत घातलीं आहेत. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक माहितीसंरक्षण कायद्यांत, माणसावर परिणाम करणाऱ्या निर्णयासाठीं वापरावयाची माहिती पूर्ण व अचूक असावी, असें म्हटलें आहे. यंत्राच्या निर्णयाविरुद्ध माणसाकडे जाण्याचा स्पष्ट हक्क मात्र त्यांत नाहीं. नोव्हेंबर २०२५ मध्यें केंद्रसरकारनें कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारभाराविषयीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत निराळा कायदा करण्याची तूर्त निकड मानलेली नाहीं. आहेत त्या कायद्यांनीं भागवावें, असा एकंदर सूर आहे.

तेव्हां आहेत त्या कायद्यांत शेतकऱ्याच्या हातीं काय आहे, तें सांगून हा लेख पुरा करतों. माहितीच्या अधिकाराच्या २००५ सालच्या कायद्यांत चौथ्या कलमाच्या पहिल्या पोटकलमांत ‘घ’ हा खंड आहे. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यास त्या निर्णयाचीं कारणें देणें हें प्रत्येक सरकारी कार्यालयाचें कर्तव्य आहे, असें तो सांगतो. निर्णय कोणत्या साधनानें झाला याचा भेद त्यांत नाहीं. म्हणून हप्ता, अनुदान किंवा शिधा अचानक बंद झाल्यास खिडकीवर वाद घालण्यांत दिवस न दवडतां, त्या कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे साध्या कागदावर अर्ज करावा. अर्जांत इतकेंच विचारावें: माझें नांव कोणत्या तारखेस वगळलें; कोणत्या खात्याच्या कोणत्या नोंदीवरून वगळलें; ती नोंद माझीच असल्याची पडताळणी कोणीं केली; आणि वगळण्याच्या आदेशावर कोणत्या अधिकाऱ्याची सही आहे, त्याची प्रत. अर्जास दहा रुपयांचा कोर्ट-फी स्टँप लावावा; दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तोही लागत नाहीं, दाखल्याची प्रत जोडावी म्हणजे झालें. तीस दिवसांत उत्तर आलें पाहिजे. न आल्यास किंवा अपुरें आल्यास पुढील तीस दिवसांत त्याच कार्यालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करतां येतें. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोंच, तारीख व शिक्का घेऊन ती घरीं जपून ठेवावी.